विशेष शिक्षक व्हायचंय? आधी त्या वर्गात बसून या

‘आमची मुलगी फार हळवी आहे, तिला हे झेपेल का?’ विशेष शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. पालकहो, हळवेपणाची काळजी करू नका. मदतीची घाई मात्र सुटावी लागते, आणि ती शाळेतल्या प्रत्यक्ष सरावातच सुटते.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या वर्गात छात्राध्यापिका पहिल्यांदा येते तेव्हा पाठटाचण चोख असतं, तक्ते सुबक असतात. पण एखादं मूल शर्टाच्या बटणाशी झटताना दिसलं की तिचा हात आपोआप पुढे जातो. अनुभवी बाई तिथेच तिला थांबवतात. बटण काजापाशी नेणं, त्याची कड आत सरकवणं, पलीकडून चिमटीत धरणं, ओढून घेणं अशा पायऱ्या त्या पाडून दाखवतात. सुरुवातीला बाकीचं सगळं शिक्षिकेने करायचं आणि शेवटचं ओढणं तेवढं मुलाने. ते जमलं की त्याआधीची पायरीही त्याच्याकडे. काम पुरं केल्याचा आनंद रोज मुलाच्याच वाट्याला यावा, म्हणून ही शेवटाकडून सुरुवात.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडाही लिहायचा असतो. त्यात ‘स्वावलंबन वाढवणे’ असं मोघम ध्येय चालत नाही. ‘तोंडी सूचनेवर पाचपैकी चार वेळा वरचं बटण लावेल’ इतकं नेमकं लिहावं लागतं. मूल किंचाळलं तर वहीत ‘हट्टी’ अशी नोंद करायची नाही. त्याआधी काय घडलं, जागा बदलली का, आवाज वाढला का, ते टिपायचं. असं बघता येऊ लागलं की विद्यार्थिनीची शिक्षिका होऊ लागते. माझ्या मते पदवीच्या गुणांपेक्षा हे मोलाचं आहे.

आता नोकरीचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. 2022 मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण अधिसूचित केलं. गरज मोठी आहे, तरी कायम पदांची भरती संथ असते आणि सुरुवात अनेकदा मानधनावर होते. घरात हा हिशेब आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

प्रवेशापूर्वी संस्थेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे परिषदेच्याच संकेतस्थळावर तपासा. परिषदेच्या नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. अभ्यासक्रमांची रचना बदलत असल्याने चालू वर्षाचे नियमच वाचा. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक दिव्यांगत्व यांचे अभ्यासक्रम वेगवेगळे असतात, तेव्हा शाखा विचारपूर्वक निवडा.

अर्ज भरण्याआधी जवळच्या विशेष शाळेची परवानगी काढून मुलीला आठवडाभर वर्गात मागे बसू द्या. घरी आल्यावर ‘कसं वाटलं?’ एवढंच विचारू नका, कोणत्या मुलाने आज काय केलं ते विचारा. ती मुलांची नावं घेऊन बारकावे सांगू लागली, तर अर्ज भरा.