पर्शियन मांजराची ओळख

मांजर कोणाला ठाऊक नाही? कोळीण पाटी घेऊन आली की आपल्या गावात चार-पाच मांजरे तिच्या मागे असतातच. पण आज मी एका निराळ्या मांजराची माहिती सांगणार आहे.

माझी आत्या पनवेलला राहते. तिच्याकडे एक पांढरी भाटी आहे. भाटी म्हणजे मांजराची मादी. अंगावर शेवरीच्या कापसासारखे लांब केस, म्हणून तिचे नाव शेवरी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटले ससाच आहे!

या जातीला पर्शियन म्हणतात. पर्शिया म्हणजे आताचा इराण. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने १६२० साली तिकडच्या लांब केसांच्या मांजरांविषयी पत्रात लिहिले आणि ती इटलीला न्यायचे ठरवले. गंमत म्हणजे हाच प्रवासी १६२३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या चौल बंदरात आला होता! पुढे १८७१ साली लंडनला मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यातही पर्शियन मांजरे होती.

तिचे डोके गोल, पाय आखूड आणि नाक चपटे असते. नाक फार चपटे असेल तर श्वासाला त्रास होतो व डोळ्यांतून पाणी गळते. लांब केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो. थंडीत तो उपयोगी, पण आपल्याकडच्या उकाड्यात तिला त्रासच होतो.

आता माझी चूक सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी आत्याकडे गेलो होतो. शेवरीचे केस रोज विंचरायचे काम तिने माझ्यावर सोपवले. मी खेळण्याच्या नादात आठ दिवस फणी हातातच घेतली नाही. तिच्या काखेत जट झाली. आत्या रागावेल म्हणून मी गुपचूप कात्री घेतली आणि जट कापली. जटेबरोबर कातडीही कापली गेली! शेवरी किंचाळून पलंगाखाली गेली. फरशीवर रक्त पाहून मी रडायलाच लागलो.

आत्याने तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "मांजराची कातडी पातळ असते. जटेबरोबर ती वर ओढली जाते, दिसत नाही. म्हणून कात्री कधी लावायची नाही." आत्या मला एक शब्द बोलली नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

पंधरा दिवस शेवरी माझ्याजवळ आली नाही. मी नुसती फणी घेऊन बसायचो. सोळाव्या दिवशी ती आपणहून मांडीवर येऊन बसली. मग मी हळूहळू विंचरले.

पालकांना एक विनंती आहे. मुलाने हट्ट केला म्हणून असे मांजर आणू नका. रोज विंचरणे, डोळे पुसणे, उन्हाळ्यात गार जागा देणे आणि वेळेवर लस टोचणे, एवढे वर्षानुवर्षे करावे लागते. आपली गावठी मनी आखूड केसांची. ती आपले अंग आपणच चाटून स्वच्छ ठेवते. तिलाही प्रेम हवेच असते.

सांगा पाहू :
१. पर्शिया म्हणजे आताचा कोणता देश?
२. जट कात्रीने का कापू नये?
३. तुमच्या घरच्या मांजराचे केस कसे आहेत?

— इयत्ता ७ वी