थैली सांभाळताना

नागपुरातल्या एका मराठी मंडळीचा खजिनदार म्हणून मी बरीच वर्षं काढली. रविवारची उपासना संपली की दानाच्या थैल्या टेबलावर उपड्या करायच्या, नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, मग वहीत नोंद. प्रभूच्या शिष्यांतही एक खजिनदार होता आणि त्याचं नाव यहूदा होतं, ही आठवण आमचे पाळक वार्षिक सभेत हसत हसत करून द्यायचे. सगळे हसायचे, मीही. त्या टेबलापाशी उमगलेलं थोडंफार लिहून ठेवतो.

१. पैसे एकट्याने मोजू नयेत. पौलासारखा माणूससुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी नेताना सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतो आणि कुणाला बोट दाखवायला जागा नको, असं कारणही देतो. आमच्याकडे दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं जो विचारतो, त्याच्यासोबत तिसरा माणूस बसवावा.

२. विश्वासणाऱ्याकडे मोह हावेचं नाव घेऊन येत नाही, तो आशीर्वाद म्हणून येतो. मिहान प्रकल्पाची चर्चा सुरू झाली तेव्हापासून वर्धा रोडवरचा प्लॉट हा आमच्या साक्षींचाही विषय झाला. पुढे समृद्धी महामार्ग आला. ‘प्रभूनं प्लॉट दिला’ म्हणून एक भाऊ उभे राहतात, मंडळी टाळ्या वाजवते. त्याच बाकावर ज्याच्या प्लॉटचे कागद खोटे निघाले तो बसलेला असतो. त्याला कुणी दिला? मैदानावरच्या मोठ्या सभांत तर हल्ली सरळ सांगतात की इतकं पेरा, शंभरपट घ्या. हा पतपेढीतल्या ठेवीचा हिशेब झाला, आणि पतपेढी निदान पावती तरी देते. प्रभूच्या दाखल्यात दारात पडलेला लाजर गरीबच मेला. त्याचा विश्वास कमी पडला, असं शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही.

३. पावतीवरून आठवलं. समाधानावरचं पौलाचं जे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, ते फिलिप्पैकरांच्या पत्राच्या शेवटी आहे, आणि पत्राचा तो भाग म्हणजे चक्क पैशांची पोच आहे. पौल कैदेत होता. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती. ती मिळाली, भरून पावलो, असं तो कळवतो आणि त्या ओघात सांगतो की भरपूर असो वा टंचाई, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. खजिनदार म्हणून मला यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, तो पैसे परत पाठवत नाही. ‘मला कशाला, मी समाधानी आहे’ हा थाट त्याच्याकडे नाही. दुसरी, त्याला हे शिकावं लागलं. टंचाईत राहायला परिस्थिती शिकवतेच, भरपुरीत राहायचं शिकवायला कुणी येत नाही.

४. आकडा आधी ठरवावा. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी यायची होती तेव्हा दशमांश बेसिकवर काढायचा की हातात पडणाऱ्या पगारावर, यावर आमच्या ओसरीत जुन्या कराराला साजेसा वाद झाला. ज्यांनी रक्कम येण्याआधी आकडा लिहून ठेवला, त्यांनी तो दिला. ‘येऊ तर द्या भाऊ’ म्हणणाऱ्यांच्या प्रत्येक रुपयाला, तो येईपर्यंत, काम लागलेलं होतं. नीतिसूत्रांतला आगूर देवाकडे दारिद्र्य नको म्हणतो आणि संपत्तीही नको म्हणतो. अशी प्रार्थना मी आमच्या प्रार्थनासभेत कधी ऐकलेली नाही. पहिला अर्धा भाग मात्र रोज.

५. दुसऱ्याच्या जिवावर समाधानी राहू नये. रेव्हरंड टिळकांचं नाव आपण अभिमानानं घेतो, आणि नागपूरकरांनी तर घ्यावंच. ते इथे अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, म्हणजे गावातल्या बड्या घराची सावली त्यांना मिळालेली होती. १८९३ साली इथूनच राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७ साली मिशनचा पगारही सोडून त्यांनी संन्यास घेतला. व्यासपीठावरून ही गोष्ट फार उठून दिसते. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझं लक्ष लक्ष्मीबाईंकडे जातं. टिळकांच्या हातून पैसा सुटायचा तो देवाच्या नावानं, आणि घर चालवायचं ते बाईंनी. त्या हे कडवटपणा न ठेवता, हसवत लिहितात, म्हणून आपणही हसून पान उलटतो. मला टिळकांच्या निर्मोहीपणाबद्दल शंका नाही. पण त्याचा अर्धा खर्च लक्ष्मीबाईंच्या खात्यावर पडला आहे, हे कुठल्याही हिशेबनीसाला दिसेल. आजही आमच्यात कुणी ‘नोकरी सोडून सेवेत उतरतो’ म्हणाला की मी आधी विचारतो, वहिनी काय म्हणतात?

६. देणाऱ्याचा आकडा फळ्यावर लिहू नये. कापणीच्या सणाला कोहळा, कोंबडी, संत्र्यांची टोपली लिलावाला निघते आणि एखादा साधा नारळ चढाओढीत कुठल्या कुठे जातो. ती मजा मला आवडते, ती असावी. वर्षाच्या वर्गणीचं मात्र वेगळं. घरवार यादी लावणं आम्ही बंद केलं तेव्हा काही मोठ्या घरांची वर्गणी खरोखर घटली. ती घटही वार्षिक हिशेबात दाखवली. विधवेच्या दोन टोल्यांवर भाषण देणारेच त्या सभेत जास्त बोलले.

७. मंडळीलाही मोह होतो. सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मली ती इथेच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. त्या पिढीला विश्वासाबरोबर बंगले, शाळा, आवारंही वारशात मिळाली. गाव लहान असताना मिळालेल्या या जागा आज सदर आणि सिव्हिल लाइन्ससारख्या भागांत आहेत, आणि त्यांच्या भावाचा आकडा ऐकला की चांगल्या चांगल्यांची प्रार्थना लांबते. आमच्याकडेही एक बिल्डर नकाशा घेऊन आला होता. खाली दुकानं, वर सभागृह, ‘सेवेसाठी कायमचं उत्पन्न’. कमिटी खूश. मागच्या बाकावरच्या एका मावशींनी विचारलं, ‘इतका पैसा कोन्या सेवेसाठी पाह्यजे, ते तर सांगा. दवाखान्याच्या फंडातला पैसा तर अजून खर्च नाही झाला.’ फंडाची शिल्लक वहीत होती, मी वाचून दाखवली. त्या दिवशी ठराव झाला नाही. नकाशा अजून कपाटात आहे आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो पुन्हा आलेला आहे.