कर्करोगाचा प्रक्षेप : संज्ञेचा अर्थ व उपयोग

शरीरात ज्या जागी कर्करोगाचा आरंभ होतो, तेथील गाठीस प्राथमिक अर्बुद म्हणतात. या अर्बुदातील काही पेशी सुटून रक्तवाहिन्यांतून किंवा लसीकावाहिन्यांतून अन्यत्र जातात आणि तेथे रुजून नवी गाठ निर्माण करतात. या क्रियेस ‘मेटास्टॅसिस’ अथवा ‘प्रक्षेप’ ही संज्ञा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ स्थानांतर असा असून, कर्करोगाच्या संदर्भात त्याचा वापर फ्रेंच वैद्य रेकामिए यांनी १८२९ मध्ये केला.

क्रियेप्रमाणेच तिच्यातून उद्भवलेल्या दुय्यम गाठीसही प्रक्षेपच म्हणतात. मात्र अर्बुद वाढत जाऊन लगतच्या ऊतकात शिरले, तर ते आक्रमण होय, प्रक्षेप नव्हे. कारण प्रक्षेपात जुन्या व नव्या गाठीत सलगता नसते. सौम्य अर्बुदांचा प्रक्षेप होत नाही.

दुय्यम गाठीचे नाव मूळ स्थानावरून ठरते. स्तनातील कर्करोग हाडात पोहोचला, तरी तो ‘हाडाचा कर्करोग’ होत नाही. हाडातील त्या पेशी स्तनाच्याच असतात व उपचारही स्तनाच्या कर्करोगाचेच करावे लागतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास रोग्याच्या नातलगांचा गैरसमज होतो.

प्रक्षेप कोठेही, कसाही होत नाही. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून १८८९ मध्ये दाखविले, की यकृतात प्रक्षेप वारंवार आढळतो, प्लीहेत क्वचितच. बी सर्वत्र पडते, पण अनुकूल जमिनीतच रुजते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रक्ताभिसरणाचा मार्गही महत्त्वाचा आहे. मोठ्या आतड्याचे रक्त प्रतिहारी शिरेवाटे प्रथम यकृतात जाते. म्हणून त्या आतड्याच्या कर्करोगाचा प्रक्षेप बहुधा यकृतात होतो.

रोगाची अवस्था ठरविताना ‘टी’ हे अक्षर प्राथमिक अर्बुदासाठी, ‘एन’ जवळच्या लसीका ग्रंथींसाठी आणि ‘एम’ दूरस्थ प्रक्षेपासाठी योजतात. ‘एम ०’ म्हणजे दूरस्थ प्रक्षेप आढळला नाही. ‘एम १’ म्हणजे आढळला. जवळच्या ग्रंथींतील प्रक्षेपाची नोंद ‘एन’ खाली होते, हे लक्षात ठेवावे.

प्रक्षेपामुळे रोग अधिक गंभीर होतो, यात शंका नाही. तथापि वृषणाचा कर्करोग प्रक्षेपानंतरही अनेकदा पूर्ण बरा होतो, तर आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतातील मोजक्या गाठी काही रोग्यांत शस्त्रक्रियेने काढता येतात. सारांश, ही संज्ञा रोग कोठवर पोहोचला एवढेच सांगते. रोग्याचे भवितव्य केवळ तिच्यावरून ठरवू नये.