‘खातं बदललंय’ म्हणे!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हॅक झालेलं ईमेल माझं नव्हतं. पुण्यातल्या ज्या संस्थेची स्मरणिका आम्ही छापली, तिथली मंडळी अजूनही चारचौघांत ‘प्रेसवाल्यांचं मेल हॅक झालं’ असंच सांगत फिरतात, म्हणून हे लिहायला बसलो.

बिल पावणेचार लाखांचं. स्मरणिका वेळेत पोचली, समारंभ झाला, हारतुरे झाले, पैसे मात्र येईनात. मेलवर आठवण करून दिली, पुन्हा दिली. उत्तर नाही. संस्थांकडची बिलं लोंबकळतातच, म्हणून फोन करायचं टाळलं. शेवटी कागदवाल्याने माझ्याकडे तगादा लावला तेव्हा केला. त्यांचे हिशेबनीस म्हणाले, “अहो काका, पैसे केव्हाच टाकले की! तुमच्या नव्या खात्यावर.”

नवं खातं? आमच्या छापखान्याचं चालू खातं सांगलीत, वडिलांच्या काळापासून एकाच शाखेत आहे. ते बदलायचा विचारही कधी मनात आला नाही.

मग फोन कार्यवाहांनी घेतला. “पत्र तुमच्याच मेलवरून आलंय. तुमची यंत्रणा सुरक्षित नाही, त्याला आम्ही काय करणार? आमच्याकडे सगळे उच्चशिक्षित आहेत.” उच्चशिक्षितांचंच म्हणाल तर गूगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांना २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एका माणसाने पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं धाडून दहा कोटी डॉलरहून जास्त रकमेला गंडा घातला. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तिथे काय दहावी नापास बसले होते? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. नुसतं “मेल दाखवा” म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पुणे गाठलं.

मेल पाहिलं. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, आमचा लोगोही जागच्या जागी. फक्त ‘लेखापरीक्षणामुळे जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, कृपया खालील खात्यावर रक्कम जमा करावी’ एवढंच वाढीव. वर ‘आदरणीय महोदय’. मी गेली कित्येक वर्षं त्यांना प्रत्येक पत्रात ‘स. न. वि. वि.’ लिहितो, पण ते कोण वाचतो म्हणा.

मग पाठवणाऱ्याच्या नावावर क्लिक करायला लावून पूर्ण पत्ता उघडवला. हिशेबनीस म्हणाले, “हा काय, तुमचाच आहे.” माझ्या पत्त्यात इंग्रजी एम आहे. इथे त्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरं खेटून बसली होती. बारीक टायपात डोळ्यांना एमच दिसतो. आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलंय, म्हणून मला तो एम जरा रुंद वाटला. टाइप मोठा करून दाखवला तेव्हा खोलीत कुणी बोलेना.

“मेलचं ‘ओरिजिनल’ उघडून पाहिलं की खोटेपणा कळतो” असं तिथल्या संगणकवाल्या पोराने सांगितलं. पाहिलं, तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या तपासण्यांत सगळीकडे ‘पास’! कारण उघड आहे. आर-एनवालं डोमेन चोराने रीतसर विकत घेतलेलं, तिथून आलेलं मेल त्याचंच, म्हणून तपासणीत पास. मेल त्या पत्त्यावरूनच आलं एवढंच ती तपासणी सांगते. तो पत्ता माझा की चोराचा, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

पण चोराला बिलाचा क्रमांक कळला कसा? इथे खरी मेख होती. मी त्यांना जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ उघडायला सांगितलं. तिथे एक फिल्टर सापडला: माझ्या पत्त्यावरून येणारं प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये न दाखवता वाचलेलं म्हणून बाजूला टाकायचं आणि त्याची प्रत एका अनोळखी पत्त्यावर पाठवायची. ‘ऑल मेल’मध्ये शोधलं तर माझी आठवणीची सगळी पत्रं तिथे ओळीने पडलेली. ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. चोर मात्र रोज वाचत होता. मी बिलासाठी पाठपुरावा करत होतो तो बहुधा त्याच्याकडेच.

ज्या मेलमुळे चोर खात्यात शिरला, तेही इनबॉक्समध्येच होतं: ‘तुमची मेलबॉक्सची जागा संपत आली आहे, आजच लॉगिन करा, अन्यथा येणारी मेल्स बंद होतील.’ त्यावर क्लिक केलं की गूगलसारखं दिसणारं पान उघडायचं आणि तिथे कुणीतरी पासवर्ड दिला. कुणी, ते कळायला मार्ग नाही; कारण त्या एका खात्याचा पासवर्ड चौघांना माहीत आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन बंद, कारण ‘ओटीपी कुणाच्या फोनवर घ्यायचा’ यावर एकमत झालं नव्हतं!

आता जे शिकलो ते सांगतो. लिंकचा पत्ता डावीकडून वाचू नका. सुरुवातीला ‘गूगल डॉट कॉम’ कुणीही लिहू शकतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे पहिली तिरपी रेघ कुठे येते ते शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा, मालक तो. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून पैशाचं मेल संगणकावरच उघडा. कुलपाचं चिन्ह बघून निश्चिंत होऊ नका, चोराच्या पानालाही कुलूप असतं. जागा भरल्याची खरी मेल्सही गूगलकडून येतात, म्हणून खरं-खोटं ओळखत बसण्यापेक्षा मेलमधली लिंक दाबूच नका. नेहमीच्या पद्धतीने स्वतः खातं उघडून पाहा. पासवर्ड मॅनेजर वापरा असं तो पोरगा सांगतो. डोमेन चुकीचं असेल तर तो पासवर्ड भरतच नाही, एवढं मला पटलं. अशुद्ध भाषेवरून ओळखायचे दिवस गेले, चोरांची मराठी हल्ली आमच्या काही लेखकांपेक्षा बरी असते.

ओटीपी हवाच, पण खोट्या पानावर ओटीपी टाकला तर चोर तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतो. पासवर्डऐवजी पासकी असेल तर ती चुकीच्या पानावर चालत नाही.

खातं फुटल्याचा संशय आला तर पासवर्ड बदलून थांबू नका. या संस्थेने आधी तेवढंच केलं आणि तो फिल्टर तसाच राहिला, मी दाखवेपर्यंत. फिल्टर, फॉरवर्डिंग, ॲप पासवर्ड, जोडलेली ॲप्स, रिकव्हरीचा फोन नंबर हे सगळं तपासा आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा.

आणि बँक खातं बदलल्याचं पत्र आलं की फोन करा. पत्रातल्या नंबरावर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं होतं. त्या सोयीने हिशेबनिसांनाही पडद्यावर एका अनोळखी माणसाचं नाव दिसलं होतं. “मला वाटलं तुमच्या मुलाचं असेल,” म्हणाले. मला दोन मुली आहेत, त्या संस्थेच्या दोन कार्यक्रमांना येऊनही गेल्या आहेत.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची. जितकं लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यांनी ते केलं नाही. आधी दोष कुणाचा यावर बैठक घेतली, ठराव केला, मग फोन लावला. तोवर रक्कम पुढच्या खात्यांत जाऊन एटीएममधून निघालेली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी आणि ६६डी कलमांखाली तक्रार नोंदवली आहे, एवढं समाधान.

संस्थेने नंतर पत्र पाठवलं: ‘नुकसान उभयतांनी निम्मं निम्मं सोसावं.’ का म्हणून? पासवर्ड त्यांच्या मॉनिटरला, फिल्टर त्यांच्या खात्यात, नाव त्यांच्या पडद्यावर! मी वकिलांमार्फत नोटीस दिली, तेव्हा निम्मी रक्कम आली. उरलेली अजून येणं आहे. परवा त्यांच्याकडून पुढच्या स्मरणिकेसाठी कोटेशन मागणारं मेल आलं. मी फोन करून ते खरंच त्यांचं असल्याची खात्री केली आणि सांगितलं, आधी जुनं बिल, आणि तेही जुन्याच खात्यावर.