पुढच्या वर्षी बघू

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. सकाळी शाळेचे बूट घालता घालता तिला फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. स्वयंपाकघरापासून पार दारापर्यंत, आमची कुत्री चिंगी जिथे जिथे फिरली होती तिथे तिथे. "आई, चिंगीला लागलंय!" ती रडायच्या बेतात आली होती. मी घाईत होते. "हो गं, काहीतरी लागलं असेल, होईल बरं," असं म्हणत मी फडका फिरवला आणि तिला रिक्षात बसवून दिलं.

त्या उत्तराचं मला आजही वाईट वाटतं. लेकीला खरं सांगितलं नाही याचं वाटतंच, पण मी स्वतःही त्या थेंबांकडे तेवढ्याच घाईने पाहिलं याचं जास्त वाटतं. पुढची आठ वर्षं चिंगी वर्षातून दोनदा हीटवर, म्हणजे माजावर, यायची आणि दर वेळी आम्ही नवरा-बायको एकमेकांना म्हणायचो, हिचं ऑपरेशन करून टाकायला हवं. मग गणपती यायचे, दिवाळी यायची, परीक्षा यायच्या. पुढच्या वर्षी बघू.

तुमच्या घरी पिल्लू आलंय, मुलं दिवसभर त्याच्या मागे आहेत आणि लस टोचता टोचता डॉक्टरांनी विचारलंय, "नसबंदीचं काय ठरवलंय?" घरी आल्यावर आजी एक म्हणते, शेजारी दुसरंच सांगतात, आणि तुम्ही दोघं गप्प आहात. तुमच्याशीच मला बोलायचंय.

चिंगी नऊ वर्षांची असताना गेली. दिवाळी होऊन महिना झाला होता. ती पाणी फार प्यायला लागली, रात्री दोन-दोनदा बाहेर न्यावं लागायचं. आम्हाला वाटलं, वय झालं. जेवण कमी झालं तेव्हा वाटलं, फराळाचं काहीतरी पोटात गेलं असेल. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत दिसलं, गर्भाशय पूने भरलेलं होतं. रात्रीच ऑपरेशन केलं, पण विष अंगात भिनलेलं होतं. दोन दिवस सलाइनवर राहिली आणि गेली. जे ऑपरेशन एक-दोन वर्षांची असताना झालं असतं तर ती संध्याकाळी चालत घरी आली असती, तेच आम्ही नवव्या वर्षी, ती आधीच मरणाला टेकलेली असताना केलं. लेक चौदा वर्षांची झाली होती. तिने मला एकच विचारलं, "हे आधी माहीत नव्हतं का आपल्याला?" माहीत होतं.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. हीट संपल्यावर साधारण दोन महिने मादीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन चढलेलं राहतं, मग ती गाभण असो वा नसो. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं, आणि आत शिरलेल्या जंतूंना आयती ऊब मिळते. हे दर हीटला घडतं, म्हणून वय वाढेल तसा धोका वाढत जातो. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवायची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं, की नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ चारातल्या एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार गाठतो. काहींना बाहेर स्राव दिसतो, काहींना काहीच दिसत नाही, आणि न दिसणारा प्रकार अधिक घातक. हीटनंतर दोन-अडीच महिन्यांत तुमची कुत्री जास्त पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आमच्यासारखे चार दिवस घालवू नका.

आपण सगळे "तिची पाळी आली" असं म्हणतो. मीही म्हणायचे. पण त्या शब्दाने मोठी फसगत होते. बाईची पाळी म्हणजे गर्भ राहिला नाही याची खूण. कुत्रीचं रक्त येतं ते आधी, पिल्लांची तयारी सुरू झाली म्हणून. आठ-दहा दिवसांनी लाल रंग फिका पडतो आणि घरातले निश्चिंत होतात, संपलं एकदाचं म्हणून पट्टा सैल सोडतात. नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. पहिला थेंब दिसल्यापासून पूर्ण तीन आठवडे तिला पट्ट्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, गच्चीवरसुद्धा एकटं ठेवायचं नाही.

हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायला हवं. भाद्रपदात गल्लीतल्या कुत्र्यांचं काय चाललेलं असतं ते आपण लहानपणापासून पाहत आलोय. त्या दिवसांत घरातली मादी हीटवर असली तर गेटबाहेर पाच-सहा नर रात्रभर बसून राहतात, आपापसात भांडून रक्तबंबाळ होतात. प्रश्न फक्त नको असलेल्या पिल्लांचा नाही. समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा एक कर्करोग आहे, त्याला टीव्हीटी म्हणतात. तो आपल्या रस्त्यांवर चांगलाच आढळतो. केमोथेरपीच्या इंजेक्शनांनी तो सहसा बरा होतो, पण आठवड्याच्या आठवड्याला दवाखान्याच्या फेऱ्या माराव्या लागतात.

आता आजीचं म्हणणं. "एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तिलाही आई होऊ दे." माझ्या सासूबाई हेच म्हणायच्या आणि ते मायेपोटीच म्हणायच्या, म्हणून मी त्यावर कधी हसले नाही. पण पिल्लं झाल्याने मादीची तब्येत सुधारते हे खरं नाही, आणि न झाल्याने ती झुरते असंही नाही. पिल्लांची ओढ तिला पिल्लं समोर असताना वाटते, वर्षभर ती त्या आशेवर जगत नसते. आई व्हायची हौस आपली असते. शिवाय ६३ दिवसांनी लॅब्रेडॉरला सात-आठ पिल्लं होतात. ती दीड-दोन महिन्यांची झाली की प्रत्येकाला घर शोधायचं. ओळखीतले "नक्की नेऊ" म्हणणारे तेव्हा फोन उचलत नाहीत. एखादं पिल्लू शेतावर जातं, साखळीला बांधलं जातं, आणि तुमची मुलं पुढे वर्षभर विचारत राहतात, "आपलं काळं पिल्लू आता कसं असेल?" याचं उत्तर देता येणार असेल तरच पिल्लांचा विचार करा.

एवढं सांगितल्यावर तुम्ही उद्याच दवाखान्यात तारीख घ्याल, तर तेही थांबून करा. चिंगीच्या दुःखाने मीही तशीच धावले होते. दीड वर्षाने मैना आली, काळी लॅब्रेडॉर, आणि ती चार महिन्यांची असतानाच मी डॉक्टरांना म्हटलं, लगेच करून टाका. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि थांबा म्हणाले. त्या दिवशी मला कळलं, की खरा प्रश्न करायचं की नाही हा नव्हताच. कोणत्या कुत्र्याचं, आणि कधी, हा होता.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं वर्ष-सव्वा वर्ष वाढत असतात आणि ती वाढ कुठे थांबायची हे लैंगिक हॉर्मोन्समुळे ठरतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३पासून गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड आणि पुढे आणखी बऱ्याच जातींच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यांमध्ये खुब्याच्या सांध्याचे आणि गुडघ्याच्या लिगामेंटचे त्रास जास्त दिसले. लहान चणीच्या जातींमध्ये तसा फरक जवळजवळ दिसला नाही. गोल्डन रिट्रीव्हरच्या मादीबाबत तर नसबंदीनंतर काही कर्करोगांचा धोका वाढल्याचं आढळलं, म्हणून तिच्या बाबतीत डॉक्टरांशी जास्तच सविस्तर बोला.

उलट बाजूला स्तनाच्या गाठी. १९६९च्या एका जुन्या अभ्यासाचे आकडे अजून सगळीकडे सांगितले जातात: नसबंदी न केलेल्या मादीचा धोका १०० धरला, तर पहिल्या हीटच्या आधी केल्यास तो अर्ध्या टक्क्यावर येतो, पहिल्या हीटनंतर ८ आणि दुसरीनंतर २६ टक्क्यांवर. २०१२मध्ये या सगळ्या पुराव्यांची पुन्हा छाननी झाली आणि ते वाटतात तेवढे भक्कम नाहीत असं ठरलं. म्हणजे हा मुद्दा मोडीत निघाला असं नाही, पण एवढ्याच आकड्यांवर विसंबून मोठ्या जातीच्या पिल्लाची घाई करू नये, असं मला वाटतं.

आम्ही मैनाची पहिली हीट येऊ दिली. दहाव्या महिन्यात आली. हीट चालू असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर तेव्हा ऑपरेशन टाळतात. तीन महिने थांबून तेराव्या महिन्यात केलं. चिंगीसारखी छोटी पॉमेरेनियन असती तर सहा-सात महिन्यांची असतानाच केलं असतं.

नराबद्दल बाबांशी बोलायचंय, कारण बहुतेक घरांत अडतं ते तिथे. "त्याचं पुरुषपण का काढून घ्यायचं?" असं म्हणताना तुमचा आवाज खाली येतो, हे मी माझ्या भावाच्या बाबतीत पाहिलंय. ते त्याच्याबद्दलचं प्रेमच आहे. पण कुत्र्याला स्वतःची अशी प्रतिमा नसते. त्याला वास येतो, ओढ लागते आणि तो गेटवरून उडी मारून पळतो, मग गाडीखाली येतो. नसबंदीने ते भटकणं आणि जागोजागी मुतणं बरंच कमी होतं, म्हातारपणी प्रोस्टेटला येणारी सूज टळते, अंडकोषाच्या गाठी होत नाहीत. चावरेपणा मात्र जाईल अशी खात्री धरू नका. भित्रा कुत्रा भीतीपोटी गुरगुरत असेल, तर नसबंदीने तो कधीकधी आणखी बिचकतो. अशा नराच्या बाबतीत आधी प्रशिक्षण हवं. नर शांत असेल, पट्ट्याशिवाय बाहेर जात नसेल, तर घाईचं कारण नाही. भावाच्या जर्मन शेफर्डचा मात्र एक वृषण पोटातच राहिला होता. सहा महिन्यांपर्यंत तो खाली आला नाही तर पुढे येत नाही, आणि आत राहिलेल्यात गाठ होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त. तिथे भावानेही वाद घातला नाही.

नंतरचं काही लपवणार नाही. भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते, म्हणून पहिल्याच आठवड्यापासून खाणं पाव हिश्श्याने कमी करा. आम्ही केलं नाही, आजोबांच्या हातची पोळी चालूच राहिली आणि मैना सहा महिन्यांत तीन किलोंनी वाढली. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे झोपेत लघवी गळते. औषधाने ते सहसा आटोक्यात येतं. भूल द्यावी लागते, म्हणून आधी रक्त तपासून घ्या आणि वेदनाशामक काय देणार ते स्पष्ट विचारा. खर्च परवडत नसेल तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा.

आणि मुलांना सांगा. सहा वर्षांच्या मुलालाही "तिच्या पोटात पिल्लांची पिशवी आहे, ती डॉक्टर काढणार आहेत, ती झोपलेली असेल, दुखू नये म्हणून औषध देतील" एवढं समजतं. मैनाच्या वेळी सगळ्यात जास्त प्रश्न माझ्या धाकट्या भाचीने विचारले. तिला विचारलं का? तिला आवडेल का? मी म्हटलं, तिला विचारता येत नाही, म्हणून आपण तिच्यासाठी ठरवतोय, आणि चुकलो तर ती आपली चूक असेल. भाची थोडा वेळ गप्प बसली. मग तिने गल्लीतल्या लालीबद्दल विचारलं, तिच्या कानाचं टोक का कापलंय. ती नसबंदी झाल्याची खूण आहे, म्हणजे भटकी कुत्री पकडणारे गाडीवाले तिला त्याच कामासाठी पुन्हा नेणार नाहीत, असं सांगितल्यावर म्हणाली, "मग मैनाचा कान नाही ना कापणार?" नाही, घरच्या कुत्र्याला तशी खूण लागत नाही.

ऑपरेशनच्या संध्याकाळी मैना घरी आली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात मोठा कोन, तो दाराच्या चौकटीला आपटत होता. माझी लेक कॉलेजातून आली, बॅग टाकली आणि जमिनीवरच तिच्याशेजारी आडवी झाली. टाके दहाव्या दिवशी निघाले. तोवर रोज रात्री लेक टाक्यांवर मोबाइलचा प्रकाश धरून बघायची, सूज आहे का, लाल झालंय का, आणि दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकोनात टिकमार्क करायची. चिंगीच्या वेळची कुठलीच तारीख आमच्याकडे लिहिलेली नव्हती.