आधी दगड, मग मासा

पोरी, खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी करायची म्हणतेस, तर माशांचं नाव घेण्याआधी पाण्याचं बोलू. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या तोंडाशी. आपल्या कळंबला तो शेजार नाही, आणि मांजरा धरण जवळ असलं तरी ते दरवर्षी भरतंच असंही नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते हेच धरण आटलं म्हणून. अशा मुलखात मोठी टाकी मांडू नये. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, एवढी बास झाली. काठोकाठ 56 लिटरची होते. दगड-वाळू घालून आणि वर चार बोटं मोकळी ठेवून चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी बसतं. याहून लहान मात्र घेऊ नकोस. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर तापतं आणि लवकर बिघडतं.

बोअरचं पाणी टाकीत घालायचंच नाही. ज्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, त्यात कोणते क्षार किती आहेत हे आपल्या हातात नसतं, आणि शेतातल्या खतांचा नायट्रेट त्यात उतरलेला असला तर टाकीत शेवाळच शेवाळ होतं. जारचं पाणी पिण्यासाठी असतं, त्यातही चवीपुरते क्षार असतातच. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं एक टीडीएस मीटर घेऊन ठेव. पेनाएवढं असतं, महाग नाही. घरच्या आरओचं पाणी मोजलंस तर पन्नास, ऐंशी असा काहीतरी आकडा येईल. आपल्याला शून्याच्या जवळचा हवा. त्यासाठी आरओच्या पुढं डीआय रेझिनची नळी जोडून मिळते. ते जमेपर्यंत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलंस तरी चालेल, पण प्रत्येक कॅनला मीटर लावूनच. आरओमधून वाया जाणारं पाणी भांड्यांना, फरशीला वापर. ते मोरीत सोडून देणार असशील तर मी तुला ही टाकी करू देणार नाही.

आणि हे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नकोस. तांबं पिण्याच्या पाण्याला चांगलं म्हणून आपल्या घरात हंडा असतो, पण गोगलगाय, कोळंबी अशा बिनकण्याच्या जिवांना त्याचा अंशही मारतो. प्लॅस्टिकची बादली, प्लॅस्टिकचा मग, टाकीचे म्हणून वेगळे ठेवायचे. त्यांना साबण लागू द्यायचा नाही.

आता मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून घरातलं खडेमीठ तेवढं मोजून टाकलं की समुद्र झाला, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. आगरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच तळाशी बसतात आणि मॅग्नेशियम मागं उरलेल्या कडू पाण्यात राहतं; आपल्या हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. दगडाला आणि शिंपल्यांना लागतात नेमके ते निघून गेलेले क्षार. टाकीसाठीचं तयार मीठच घ्यावं लागतं. ते बादलीत विरघळव, छोटा पंप लावून रात्रभर फिरू दे, मग रिफ्रॅक्टोमीटरनं खारटपणा बघ. 35 किंवा 1.025 च्या आसपास आलं की झालं. माशांच्या टाकीत कोरडं मीठ थेट टाकायचं नाही.

खरी गोष्ट दगडाची. लाइव्ह रॉक म्हणतात तो दगड स्वतः जिवंत नसतो. तो चुनखडीचा, आतून-बाहेरून भोकंच भोकं असलेला, आणि त्या भोकांत सूक्ष्मजीव राहतात. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, तो माशांना विष. दगडाच्या वरच्या अंगाला राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. दगडाच्या गाभ्यात, जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन करून हवेत सोडून देतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये असा दगड आणि हवेचे बुडबुडे यांवर टाकी चालते हे लिहून मांडलं. तुला कमी देखभालीची टाकी हवी आहे ना? मग खर्च दगडावर कर. एवढ्या टाकीला पाच-सहा किलो पुरे. भिंतीसारखा रचू नकोस, मधून पाणी खेळेल अशा खिडक्या ठेव. आणि आधी काचेवर दगड पक्का बसव, मग वाळू टाक, नाहीतर वाळू सरकून दगड काचेवर येतो.

हा दगड मालवणच्या किनाऱ्यावरून उचलून आणायचा नाही. कोणी आणून देतो म्हणाला तरी घ्यायचा नाही. दगड घडवणारी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यातच येतो. कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. तो दगड तिथल्या कितीतरी जिवांचं घर आहे.

आपला काळा दगड घट्ट, त्यात जिवाणूंना फारशी जागा नाही. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुन्याच्या रानात लोक चुनखडी वेचतात, ती तू पाहिली आहेस. तीही कॅल्शियम कार्बोनेटच, लिंबू पिळलं की फसफसते. पण रानातल्या चुनखडीत माती असते, खतांचा फॉस्फेट असतो. तीही टाकीत नको. माणसानं बनवलेला सच्छिद्र कोरडा दगड दुकानात मिळतो, तो घे. सिमेंटचा असेल तर काही आठवडे साध्या पाण्यात बुडवून ठेव, पाणी बदलत राहा, पीएच उतरला की मगच वापर. पुण्यात किंवा मुंबईत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला मूठभर दगड मागून आण; त्यावरचे जिवाणू तुझ्या कोऱ्या दगडावर पसरतात, दह्याच्या विरजणासारखे. मात्र त्या टाकीत तांब्याचं औषध कधी घातलं होतं का, हे विचारून घे. एसटीनं आणताना पाण्यात बुडवून आणू नकोस. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेव, ओल टिकली की पुरतं.

मग थांबायचं. चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाक, म्हणजे जिवाणूंना काम मिळतं. चार ते सहा आठवडे, कधी जास्त. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येतील. तपासणीचा संच आणून आकडे वहीत लिही. मधे सगळं तपकिरी होईल, मग हिरवं. घाबरून दगड बाहेर काढून घासू नकोस. शाळेतल्या पोरांनी विचारलं, रिकाम्या टाकीत काय बघतेस, तर रात्री अंधारात टॉर्च लावून दाखव: अंगठ्याच्या नखाहून लहान जीव पळताना दिसतात.

आपल्याकडे सगळ्यात अवघड म्हणजे चैत्र-वैशाख. पाणी 24 ते 27 अंशांत हवं आणि बाहेर चाळिशी ओलांडलेली. पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टाकी नको. पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लाव. मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. आपली हवा कोरडी, म्हणून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. त्यावर भागलं नाही तर बंद बाटलीत बर्फ करून ती टाकीत तरंगत ठेव.

पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीला एक रेघ मार आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडं पाणी घाल, खारं नाही. उन्हाळ्यात चुकलीस तर दोन-चार दिवसांत खारटपणा वर जातो आणि जीव आकसून बसतात. एवढं एक काम रोजचं. आठवड्यातून चार लिटर पाणी काढून तेवढंच ताजं खारं पाणी घालायचं, आणि काढलेलं पाणी मोरीत. तुळशीला, परसात, रानात ओतू नकोस. काळी जमीन मीठ धरून ठेवते.

मासे दोनच. क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं मंडपम, विळिंजम इथं ही पैदास करून दाखवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा मागायचं कारणच नाही. एक थोडा मोठा आणि एक लहान घे. हे सगळे आधी नर असतात, त्यातला मोठा पुढं मादी होतो, आणि भांडण टळतं. समुद्रफूल नसलं तरी ते सुखानं राहतात. सोबत तीन-चार गोगलगायी. निळा टँग सिनेमात छान दिसतो, पण तो फूटभर वाढतो, त्याला ही टाकी म्हणजे कोंडवाडा. समुद्रघोडा कायद्यानं बंद.

वीज गेली की फिल्टरची काळजी नंतर, हवेची आधी. पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप टाकीशेजारीच ठेव आणि वीज येईपर्यंत खायला घालू नकोस. त्या खोलीत डास मारायचा फवारा नको. पालिकेची धुरळणी आली तर खिडक्या लाव आणि वर ओलं फडकं टाक.

दिवाळीत मामाकडे जाशील तेव्हा खाण्याचा डबा शेजारच्या काकूंकडे ठेवायचा नाही, प्रेमानं जास्त घातलं जातं. रोजच्या एकेका चिमटीच्या पुड्या बांध, गोड्या पाण्याच्या बाटल्यांवर वार लिहून दे, आणि काचेवरची रेघ त्यांना एकदा समोर उभं करून दाखव.