वलगणीचे मासे : नदीचे बियाणे

मांजर्ली आज कुळगाव-बदलापूर शहरात मोडत असली, तरी उल्हास नदीच्या या खोऱ्यातील भातखाचरे व ओढे यांचा मासळीशी असलेला संबंध जुना आहे. मृगाच्या दमदार सरी कोसळल्या, की गढूळ नव्या पाण्याच्या ओढीने मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. यालाच वलगण म्हणतात.

वलगण कशासाठी?

काश्मीरच्या थंड ओढ्यांतील तपकिरी ट्राउट मासा हिवाळ्याच्या तोंडी खडीत अंडी घालतो. आपल्याकडील बहुतेक मासे मात्र पावसाची वाट पाहतात. उथळ पाण्यात पिल्लांना खाद्य व आसरा मिळतो, म्हणून ते ओढ्यांतून खाचरांपर्यंत येतात. रोहूसारख्या माशाची एक किलो वजनाची मादी सुमारे दोन लक्ष अंडी देते. त्यांतील फारच थोडी पिल्ले मोठी होतात. म्हणून चढणीवर पकडलेली एक गाभोळीची मादी म्हणजे पुढील हंगामाची मोठी तूट होय. शेतकरी कितीही अडचणीत असला, तरी बियाण्याची कणगी रिकामी करीत नाही. नदीच्या बाबतीतही हाच विवेक हवा.

समुद्रात यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते, तीही याच कारणास्तव. वलगणीच्या मासळीवर अनेक गरीब कुटुंबांचे पावसाळ्यातील कालवण अवलंबून असते, हे खरे. म्हणूनच पुढील नियम पाळावेत.

काय करावे?

१. ओढ्याचे संपूर्ण पात्र जाळ्याने वा बांबूच्या सापळ्याने अडवू नये. निम्मा प्रवाह मोकळा ठेवावा.

२. पोट फुगलेली मादी जिवंत असल्यास तत्काळ पाण्यात सोडावी.

३. बारीक आसाचे जाळे वापरू नये. गळ अथवा मोठ्या आसाचा पाग वापरावा.

४. सुरुंग, विषारी फळे वा ब्लीचिंग पावडर कधीही वापरू नये. त्याने मोठ्या मासळीबरोबर पिल्लेही मरतात. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच सुरुंग व विष यांस मनाई केली होती.

५. खाचरांचे पाणी उतरू लागताच डबक्यांत अडकलेली पिल्ले टोपलीने गोळा करून नदीत सोडावीत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसापूर्वीच बैठक घेऊन कोणता ओढा मोकळा ठेवावयाचा, हे गावकऱ्यांच्या संमतीने ठरवावे. तळ्यासाठी रोहू-कटल्याची बोटुकली बीजकेंद्रातून विकत आणता येते. ओढ्यातील मळ्या व खवली यांचे बीज मात्र नदीच तयार करते.